घरातील बीजारोपण

(तू बिश्वातच्या मलिद्यानंतर प्रार्थनालयाच्या सभागृहात दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले असून वक्त्या भगिनींनी स्वतः तपासून दिले आहे.)



मलिद्याचे ताट आताच आपल्या हातांतून फिरले. पोहे, खोबरे, खजूर, सफरचंद, केळी सर्व काही यथास्थित होते. तरीही दरवर्षी या दिवशी मला एक विसंगती जाणवल्यावाचून राहत नाही. आज अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जेथे एलियाहू हन्नाबींच्या स्मरणार्थ आपली माणसे मलिदा करावयास जातात, तेथे आंब्यांना मोहोर आला असेल. येथे न्यू जर्सीत मात्र आपण वृक्षांचा सण साजरा करतो आणि बाहेर वाहनतळावर बर्फाचे ढीग पडलेले असतात. परंतु बागकाम करणाऱ्याच्या दृष्टीने हा सण येथेही अगदी योग्य वेळी येतो. मे महिन्यात अंगणात जे लावावयाचे आहे, त्याची तयारी आजपासूनच घरात करावी लागते. त्याच विषयावर दोन शब्द सांगावेत अशी आज्ञा झाली, म्हणून उभी आहे. मी कृषितज्ज्ञ नाही. मुंबईत परिचारिकेची पदविका घेतली आणि सारा जन्म रुग्णालयांत काढला. तेव्हा माझे दाखले तेथलेच असतील. ते गोड मानून घ्यावेत.

प्रथम एका लिफाफ्याविषयी सांगते. आपल्या प्रार्थनालयातील एक वयोवृद्ध मावशी, ज्या आज आपल्यात नाहीत, त्यांच्या घरची वांगी तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ली आहेत. लहान, हिरवट, पांढऱ्या रेघांची आणि देठाला काटे असलेली ती वांगी. नारळाच्या वाटणात भरून त्या किद्दुशला आणीत असत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या वांग्याचे बी त्यांनी रेवदंड्याहून पदराच्या गाठीत आणले होते आणि पुढे दरवर्षी एक फळ बियांसाठी राखून त्यांनी ते वाण क्वीन्समधल्या घरामागच्या चिमुकल्या जागेत चालू ठेवले. अखेरच्या आजारात त्यांनी एक लिफाफा माझ्या हाती दिला. आत चाळीस बिया होत्या. ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या लिफाफ्याचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

बी घरातच का रुजवावे, हा पहिला प्रश्न. मुंबईच्या चाळीत आमच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात मिरची टोचली की ती उगवत असे. कोणी तिची विचारपूसही करीत नसे. येथे तसे होत नाही, कारण येथे उन्हाळा तोकडा आहे. मध्य न्यू जर्सीत शेवटचे दहिवर एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात पडते आणि ऑक्टोबरात पुन्हा दहिवराची भीती सुरू होते. वांग्याला बियांपासून पहिल्या फळापर्यंत सुमारे पाच महिने लागतात. मे महिन्यात जमिनीत बी टाकले, तर झाड भरात येते न येते तोच थंडी त्याला गाठते. म्हणून त्याचे पहिले दोन-अडीच महिने घराच्या उबेत काढावयाचे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. रायगडातील भातशेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना राब आठवत असेल. उन्हाळ्यात शेताच्या एका कोपऱ्यावर पालापाचोळा, टहाळ, शेण पसरून ते भाजावयाचे, पहिल्या पावसाबरोबर त्या भाजलेल्या जागी दाट पेरणी करावयाची आणि तीनेक आठवड्यांनी रोपे उपटून चिखलात आवणी करावयाची. राब भाजल्याने तणाचे बी मरते आणि राख खताला होते. आमचे तेल गाळणारे पूर्वज हे सर्व रोज पाहत असत. कोवळ्या जिवाला आधी थोड्या, स्वच्छ, सुरक्षित जागेत वाढवावयाचे आणि अंगात बळ आले की मोठ्या शेतात न्यावयाचे, हीच रीत आपण येथे खिडकीपाशी करतो.

आता बी रुजते म्हणजे काय होते? वालाचे बिरडे ज्या घरात होते त्या घरात हे शिकवावे लागू नये. वाल रात्री भिजत घालतो, सकाळी फडक्यात बांधून उबेला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी मोड येतात. पाणी, ऊब आणि हवा या तीनच गोष्टी तेथे लागल्या; माती लागली नाही, बहुतेक वेळा प्रकाशही लागला नाही. बियांच्या पोटात अंकुराची शिदोरी भरलेली असते. पाणी शिरताच बी फुगते, आतील पाचकद्रव्ये जागी होतात, साठविलेल्या पिष्टाची साखर होते आणि प्रथम मूळ बाहेर पडते. हवा लागते, कारण या सर्व कामासाठी बी श्वास घेत असते. फडके पाण्यात बुडवून ठेवले तर वाल नासतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. कुंडीत चिखल केला तर बी नासते, हे मात्र त्यांच्या नाती विसरतात.

बी जुने असेल तर पेरण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. ओल्या कागदी रुमालात दहा बिया गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत उबेला ठेवाव्यात आणि दोन आठवडे वाट पाहावी. किती उगवल्या ते मोजले की पुढे किती पेरावयाच्या हे कळते. सर्व बियांचे आयुष्य सारखे नसते. कांद्याचे बी वर्षा-दोन वर्षांतच दम सोडते, पार्सलीचेही तसेच. टोमॅटो आणि वांगी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षे टिकतात. बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे. दमट स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवू नये.

मातीविषयी मात्र मला जरा सविस्तर बोलावयाचे आहे. अंगणातील माती उचलून बी पेरण्याच्या कुंडीत घालू नका. ती घट्ट बसते, हवा कोंडते आणि तिच्यात बुरशीही असते. दुकानात बी रुजविण्यासाठी म्हणून जे मिश्रण मिळते, पीट मॉस, पर्लाइट आणि व्हर्मिक्युलाइट यांचे, ते घ्यावे. मी अलीकडे कोकोपीट वापरते. नारळाच्या काथ्याचा भुसा दाबून केलेली ती वीट पाण्यात टाकली की फुगून बादलीभर होते, आणि तिच्या वासाने क्षणभर कोकणात गेल्यासारखे वाटते.

परंतु मातीची निंदा करून मी पुढे गेले तर तो कृतघ्नपणा होईल, आणि तोही याच राज्यात. १८८२ साली रशियातील छळाला कंटाळून आलेल्या यहुदी कुटुंबांनी दक्षिण न्यू जर्सीत व्हाइनलँडजवळ अलायन्स नावाची शेतकरी वसाहत वसविली. पुढे १८९१ मध्ये बॅरन डी हर्श यांच्या निधीतून वुडबाइन वसले आणि तेथे शेतकीची शाळा निघाली. त्या शाळेत शिकलेला जेकब लिपमन नावाचा मुलगा रटगर्स विद्यापीठात मृदाशास्त्राचा मोठा अधिकारी झाला. युक्रेनमधून आलेला सेल्मन वॅक्समन त्यांच्याच सल्ल्याने रटगर्सला गेला आणि मातीतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करू लागला. १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याने अशाच एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयावर लागू पडणारे ते पहिले प्रतिजैविक. १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना मिळाले. शाट्झ यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. श्रेय वाटण्यात माणसे फार कंजूष असतात, हे मी रुग्णालयातही पाहिले आहे.

माझ्या तरुणपणी मुंबईत क्षयरोग्यांना मी स्वतःच्या हाताने स्ट्रेप्टोमायसिनची किती इंजेक्शने दिली याची गणती नाही. रोज सकाळी ट्रे घेऊन निघावे आणि सुई टोचण्यापूर्वी विचारावे, कानात आवाज होतो का, चक्कर येते का. कारण ते औषध कानाला बाधते. ते औषध न्यू ब्रन्सविकच्या मातीतून आले, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. आज मी त्या गावापासून थोड्याच अंतरावर राहते. पहिल्या पावसाचा जो मृद्गंध आपल्याला वेड लावतो, तोही बव्हंशी याच स्ट्रेप्टोमायसीझ कुळातील जीवांची करणी होय.

आता लिफाफ्याकडे वळते. पहिल्या वसंतात मी वीस बिया पेरल्या. अंगणातील माती, दह्याचे रिकामे डबे, वर प्लास्टिकचे झाकण. सतरा उगवल्या! मी आनंदाने सर्वांना दूरध्वनी केले. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. नवव्या दिवशी सकाळी पाहते तो तीन रोपे आडवी पडलेली. वरचे पान हिरवेगार, परंतु मातीलगत देठ काळपट, पाणचट आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला. पाणी कमी पडले असे समजून मी आणखी पाणी घातले. चार दिवसांत सतराही रोपे गेली.

या रोगाला मराठीत रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी त्याला कारण होतात. गार, ओली, हवा नसलेली माती त्यांना मानवते. एकदा देठ धरला की रोपावर उपाय नाही. स्ट्रेप्टोमायसिन बुरशीवर चालत नाही, आणि चालले असते तरी त्या अवस्थेत वेळ निघून गेलेली असते. जन्मभर ज्या बाईने दुसऱ्यांना हात धुवावयास शिकविले, तिच्याच खिडकीत अस्वच्छतेने साथ यावी! मला इतकी लाज वाटली की तो लिफाफा मी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला आणि तीन वर्षे उघडला नाही. ही दुसरी चूक पहिल्यापेक्षा मोठी होती. भीतीने राखून ठेवलेले बी दर वर्षाला दुबळे होत जाते.

त्या तीन वर्षांत दुकानातील साध्या बियांवर मी हात बसविला. जुने डबे साबणाने धुऊन एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत दहा मिनिटे ठेवावेत, मग स्वच्छ पाण्याने धुवावेत. प्रत्येक डब्याला तळाशी भोके हवीतच. बी आपल्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे, त्याहून खाली नको. लेट्यूसचे बी तर नुसते वर भुरभुरावे, त्याला रुजण्यास उजेड लागतो. अंकुर दिसताच झाकण काढावे. पाणी वरून ओतू नये. डबे पसरट ताटात ठेवून ताटात पाणी घालावे, अर्ध्या तासाने उरलेले ओतून द्यावे. वरची माती किंचित सुकल्याखेरीज पुन्हा पाणी नाही. जवळ एक छोटा पंखा मंद गतीने चालू ठेवावा. हवा खेळली की बुरशीला थारा मिळत नाही, आणि वाऱ्याने हलणारी रोपे बुटकी व जाड देठाची होतात. पंखा नसेल तर दिवसातून दोन-चार वेळा रोपांच्या शेंड्यांवरून अलगद तळहात फिरवावा. त्याचाही परिणाम तोच होतो. शुक्रवारी दुपारी ताटातून पाणी दिले की शनिवारी सूर्यास्तापर्यंत रोपांना काही लागत नाही.

ऊब आणि प्रकाश यांची लोक गल्लत करतात. रुजेपर्यंत ऊब महत्त्वाची. वांगी आणि मिरची यांना माती ८० ते ८५ अंश फॅरनहाइट लागते. टोमॅटोला ७० ते ८० पुरते. हिवाळ्यात आपण घर ६८ वर ठेवतो आणि खिडकीची फळी त्याहून गार असते. त्या तापमानाला वांगे महिनाभर रुसून बसते. म्हणून डब्यांखाली ठेवण्याची विजेची चटई मिळते, ती माती खोलीपेक्षा दहा ते वीस अंशांनी उबदार ठेवते. अंकुर वर आले की चटई काढून घ्यावी.

त्यानंतर प्रकाश. फेब्रुवारीच्या मध्यास येथे दिवस जेमतेम साडेदहा तासांचा असतो आणि ऊन तिरपे येते. अशा खिडकीत रोप उजेडाच्या शोधात लांबोडके, फिकट होऊन काचेकडे वाकते. साधा एलईडीचा नळीदिवा साखळीने टांगून रोपांच्या शेंड्यापासून दोन-तीन इंचांवर ठेवावा आणि रोपे वाढतील तसा वर चढवावा. चौदा ते सोळा तास प्रकाश, आणि रात्री अंधार; रोपांनाही विश्रांती लागते. शाब्बाथच्या दिव्यांसाठी आपल्या घरी जे टायमर आहेत त्यांतलाच एक येथे लावावा. महागडे जांभळे दिवे घेण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कधी काय पेरावे हे मी आपल्या सणांशी जोडून ठेवले आहे. आज तू बिश्वात. आज पार्सली पेरावी. तिचे बी रात्रभर भिजवावे, तरी तीन-चार आठवडे घेते. येथील अनेक घरांत आज पेरलेली पार्सली सेदेरच्या ताटात कर्पास म्हणून ठेवण्याची प्रथा आहे, ती मुलांना फार आवडते. पुरीम, ज्याला आपले वडीलधारे होळीचा सण म्हणत, त्या सुमारास वांगी आणि मिरच्या. पुरीम व पेसाह यांच्या मध्ये टोमॅटो. पेसाह संपल्यावर दुधी, कारली, शिराळी. यांना घरात तीन-चार आठवड्यांहून जास्त ठेवू नये, कारण मुळे दुखावलेली त्यांना खपत नाहीत. कारल्याचे कवच जाड असते. नखे कापण्याच्या कात्रीने कडेला किंचित खाच पाडून बी दिवसभर भिजवावे. शाबुओथपर्यंत सर्व काही बाहेर. आपले सण इंग्रजी दिनदर्शिकेत महिनाभर मागे-पुढे होतात, आणि अधिक अदार आला की आजपासून पेसाहपर्यंत दोनाऐवजी तीन महिने असतात. तेव्हा शेवटच्या दहिवराच्या तारखेपासून उलटे आठवडे मोजून ताळा पाहावा. मेथी, कोथिंबीर, भेंडी आणि शेंगवर्गीय भाज्या सरळ जमिनीतच पेराव्यात.

पहिली दोन पाने ही खरी पाने नव्हेत, ती बीजदले. त्यानंतरची खऱ्या आकाराची दोन-तीन पाने आली की रोप मोठ्या कुंडीत हलवावे. धरताना पानाला धरावे, देठाला नव्हे. पान मोडले तर दुसरे येते, देठ मोडला तर रोप जाते. टोमॅटोचा देठ बीजदलांपर्यंत मातीत पुरावा, त्यालाही मुळे फुटतात. याच सुमारास द्रवखत अर्ध्या ताकदीचे करून आठवड्यातून एकदा द्यावे. घरात कोणी तंबाखू ओढीत असेल तर त्याने रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. तंबाखूवरील मोझेक विषाणू टोमॅटो-मिरचीवर हातानेच जातो. आमच्या घरी हा नियम लागू केल्यावर जी कुरबूर झाली ती सांगत नाही.

मे महिन्यात घाई नको. घरात वाढलेले रोप एकदम उन्हात ठेवले तर पाने पांढरी पडून करपतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आधी पलंगावर बसवितो, मग खोलीत चालवितो, मग ओसरीवर नेतो. तसेच पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग थोडे कोवळे ऊन, असे आठ-दहा दिवस करीत जावे आणि रात्रीचे तापमान सातत्याने ५० च्या वर राहू लागले की वांगी, मिरच्या जमिनीत लावाव्यात.

एक निराशाही सांगते. वाल येथे होत नाही. मी दोनदा प्रयत्न केला. वेल गच्चीपर्यंत चढला, शेंग एक नाही. कोकणात भात कापल्यावर वाल पेरतात आणि लहान दिवसांत तो फुलतो. येथे दिवस लहान होईपर्यंत सप्टेंबर उजाडतो आणि शेंग धरते न धरते तोच दहिवर येते. घरात कितीही आधी रोप केले तरी या हिशेबात फरक पडत नाही. वाल दुकानातूनच आणावा.

मुलुखाहून बी आणण्याविषयीही विचारणा होते. मावशींच्या पदराची गाठ आता चालत नाही. परदेशी बियांना रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र किंवा कृषिखात्याचा परवाना लागतो. मी एकदा एक पुडी आणली, विमानतळावर जाहीर केली, आणि ती तेथेच राहिली. अधिकाऱ्याचे बरोबरच होते. दुधी-कारल्यापासून गवारीपर्यंत सर्व बी आता येथेच विकत मिळते.

म्हणूनच त्या लिफाफ्याला मोल आहे. गेल्या महिन्यात मी उरलेल्या विसांपैकी दहा बिया कागदी रुमालात ठेवल्या. नऊ दिवस काही नाही. अकराव्या दिवशी एक, मग दोन, चौदाव्या दिवशी चौथी. सहा गेल्या. ती चार रोपे आज माझ्या घरी दिव्याखाली आहेत, त्यांना दुसरे खरे पान येत आहे. लिफाफ्यात दहा बिया उरल्या. त्या पुरीमनंतर पेरीन, आणि हिशेबाने त्यांतून आणखी चार यावीत.

ही सर्व रोपे एकट्या माझ्या अंगणात लावण्याचे धाडस मला होत नाही. एक साही, एक गारपीट, किंवा माझेच एखादे आजारपण पुरेसे आहे. दोन रोपे मी ठेवीन. बाकीची ज्यांच्या दारी सहा तास ऊन आहे अशा घरी द्यावयाची आहेत. अटी दोन. शेजारी दुसऱ्या जातीचे वांगे लावू नये, मधमाश्या संकर करतात. आणि पहिल्या चांगल्या फळांपैकी एक तोडू नये. ते झाडावरच पिवळे, निबर होऊ द्यावे, मग चिरून बिया पाण्यात चोळाव्यात, तळाशी बसतील त्या जाळीवर सावलीत आठवडाभर सुकवाव्यात आणि लिफाफ्यावर वर्ष घालून निम्म्या मला आणून द्याव्यात. इच्छुकांनी चहाच्या टेबलावरील वहीत नाव लिहावे. रोपे शाबुओथच्या आधीच्या रविवारी येथेच मिळतील.